लागू पडलं, पण मानवलं नाही

लाकडी ठोकळा आत्याच्या उजव्या डोळ्यावर बसला, चष्म्याची काच तडकली आणि फ्रेमची एक दांडी मोडून जेवणाच्या टेबलाखाली गेली, तेव्हा घरात कोणीही ओरडलं नाही. ओरडण्याचे दिवस केव्हाच मागे पडले होते. साडेचार वर्षांची ठकी हातात दुसरा ठोकळा घेऊन तशीच उभी होती आणि तिचा चेहरा असा लालबुंद झाला होता, की मार तिलाच बसलाय असं वाटावं. कारण विचाराल तर एवढंच, की आत्याने दूध निळ्या पेल्याऐवजी पिवळ्या पेल्यात दिलं होतं.

"वन्सं," वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तिचा आवाज शांत होता, आणि तेच जास्त वाईट होतं. "आता पुरे झालं. हिला समोर उभं करून चार शब्द सुनवायचे, तर तुम्ही तिला पोटाशी धरता. तुमच्या लाडांनी ही पोर हाताबाहेर गेलीय. तुम्ही या घरात आहात तोवर ती सुधारायची नाही."

दादा बुटाची नाडी बांधत होता. त्याने ती सोडली आणि पुन्हा बांधली. दादा छापखान्यात होता; दिवसभर तिथल्या मशीनचा खडखडाट ऐकून त्याला घरात आवाज नकोसा व्हायचा, म्हणून तो स्वतःचाही काढत नसे.

आत्या खाली वाकून दांडी शोधत होती. टेबलाखाली बरं होतं, तिथे कोणाला तिचा चेहरा दिसत नव्हता. तिला राग आला नाही. तिला लाज वाटली... कारण मनातून तिलाही तसंच वाटायला लागलं होतं. घरात असताना ठकी सतत असायची कोणाजवळ? तिच्याजवळ. मग बिघडवणार दुसरं कोण?

वहिनी दुष्ट नव्हती. असती तर सगळ्यांचंच काम सोपं झालं असतं. ती शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवायची आणि बारा वर्षांत तिने एकाही मुलावर हात उचलला नव्हता. ती नुसती पाहायची आणि चाळीस मुलं जागच्या जागी बसायची. अशा बाईला तिच्याच शाळेच्या बालवाडीतून आठवड्यात तीनदा बोलावणं येत होतं. आज ठकीने कोणाचा कान चावला, आज डबा भिंतीवर आपटला, आज मोजा टोचतो म्हणून पाऊण तास आरडाओरडा केला. दुसऱ्यांची मुलं सरळ करणाऱ्या बाईंचं स्वतःचं मूल असं, हे शिक्षकांच्या खोलीत कोणी बोलून दाखवत नव्हतं. पण वहिनी आत गेली की चहाच्या कपांचे आवाज जरा जास्तच ऐकू यायचे.

आणि ही ठकी मुळात कशी होती? खुर्चीला धडकली तर खुर्चीलाच "लागलं का गं तुला?" म्हणून विचारणारी. आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी आत्या तिला मोजे घालत असताना तिचे डोळे एका बाजूला फिरले, दात घट्ट मिटले आणि डावा हात झटके देऊ लागला. भिंतीवरच्या घड्याळात दोन मिनिटं झाली होती. आत्याला ती दोन मिनिटं जन्मभर पुरणार होती. मग इस्पितळ, डोक्याला तारा लावून काढलेला आलेख, आणि मेंदूच्या डॉक्टरबाईंनी दिलेलं पांढरं गोड औषध, सकाळ-संध्याकाळ, सुई नसलेल्या सिरिंजने मोजून. पुढच्या काही महिन्यांत आणखी दोन फिट आल्या, तेव्हा डॉक्टरबाईंनी औषध दुप्पट केलं. त्यानंतर एकही फिट आली नाही.

"औषध लागू पडलं," दादा म्हणाला होता, आणि कित्येक महिन्यांनी हसला होता.

पुढच्या तपासणीला सगळे मिळून गेले. "औषधाचा काही त्रास?" डॉक्टरबाईंनी लिहिता लिहिता विचारलं. वहिनी म्हणाली, "औषधाचा नाही हो. त्रास आहे तो हिच्या आत्याच्या लाडांचा." डॉक्टरबाई हसल्या. दादा हसला. आत्यासुद्धा हसली, हे विशेष. शहाण्या घराने घरातलं गाऱ्हाणं बाहेर जसं झाकून न्यावं, तसं ते हसण्यावारी गेलं. डॉक्टरबाईंनी फाईलमध्ये लिहिलं: त्रास नाही.

ठोकळ्याच्या प्रसंगानंतर चार दिवसांनी आत्याने बॅग भरली. चष्म्याच्या ज्या दुकानात ती चौदा वर्षं मागच्या खोलीत बसून काचा घासून फ्रेममध्ये बसवायची, त्याच्याच वर एक खोली रिकामी होती. "दुकानाजवळ राहिलं की कामाला सोपं पडेल," ती म्हणाली. तिने कोणावर ठपका ठेवला नाही आणि कोणी तिला थांब म्हटलं नाही. वहिनीने धुतलेल्या चादरी घडी करून तिच्या बॅगेत ठेवल्या. त्या घड्या इतक्या नीट होत्या की आत्याला रडू आलं.

ठकीने बॅगेला एक लाथ घातली. मग तिथेच बसली आणि एकदम बारीक आवाजात म्हणाली, "मी नाही चिडले ना, आत्या... राग आपला आपणच येतो."

"हो गं सोन्या," आत्या म्हणाली. किती शहाणं वाक्य होतं ते! आणि ते ऐकून घ्यायचं शहाणपण त्या दिवशी त्या घरातल्या तिन्ही मोठ्या माणसांपैकी एकाजवळही नव्हतं.

वरच्या खोलीत आत्याचं बरं चाललं होतं असं म्हणायचं, तर तसं म्हणता येईल. ती वेळेवर जेवत होती. संध्याकाळी सहाला तिचा हात आपोआप सिरिंज शोधायचा आणि मग तो कशालातरी लावायचा म्हणून ती भांडी घासायची. दर दोन दिवसांनी ती दादाला फोन करायची. "कशी आहे?" "आहे." दादाच्या त्या 'आहे'मधून काही काढायचं म्हणजे रिकामी ट्यूब पिळण्यातलाच प्रकार होता. पण आपण निघून आलोय म्हणजे पोर आता सुधारत असेल, या विश्वासावर ती दिवस ढकलत होती. तिचं एवढं मोठं दुःख निदान कारणी लागतंय असं तिला वाटत होतं.

तीन आठवड्यांनी दुकानात एक म्हातारे गवंडी आले. तक्रारीची गिऱ्हाइकं आत्याच बघायची; नवा चष्मा त्यांनी तिच्या टेबलावर आपटलाच.

"बाई, मी चाळीस वर्षं ओळंबा धरलाय हातात," ते म्हणाले. "आणि माझ्याच घरची, मीच घातलेली फरशी मला तिरकी दिसते. पाय टाकताना धाकधूक होते, सगळ्यांवर खेकसतो मी. सून म्हणते, वय झालं, स्वभाव बिघडला."

आत्याने तिच्या धंद्यातला नेहमीचा प्रश्न विचारला. "कधीपासून?"

"हा चष्मा लावला त्या आठवड्यापासून."

तिने भिंगं तपासली. नंबर बरोबर होता. गवंड्यांनी तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळही घडाघडा वाचली.

"मग काय तक्रार आहे, आजोबा?" मालक गल्ल्यावरून म्हणाले. "चष्मा लागू पडलाय की."

"लागू पडलाय, मालक, पण मानवला नाही," आत्या सवयीने म्हणाली. चौदा वर्षांत शंभरदा म्हटलेलं वाक्य होतं ते. "नंबर बरोबर असतो, दिसतंही छान, पण माणसाला सोसत नाही. ह्यांचा स्वभाव नाही बिघडलेला. ह्यांना..."

आणि ती थांबली.

गवंडी पुढच्या शब्दाची वाट बघत होते. मालक वाट बघत होते. आत्याने चष्मा हळूच खाली ठेवला, "आलेच" म्हणाली, आणि मागच्या खोलीत जाऊन बंद मशीनसमोर बसली. 

कधीपासून? दिवसातून दहा वेळा परक्या माणसांना ती हा प्रश्न विचारायची. ठकीच्या बाबतीत तो तिने एकदाही विचारला नव्हता.

दुकानाचा नियम होता, की दुरुस्तीला आलेली प्रत्येक फ्रेम वहीत तारखेसकट लिहायची, मग ती दुकानातल्या माणसाची का असेना. आत्याने वही काढली. तिचा स्वतःचा चष्मा तीनदा दुरुस्तीला आला होता, तिन्ही वेळा गेल्या दहा-अकरा आठवड्यांत. त्याआधीची पानं ती उलटत गेली. ठकी जन्मल्यापासून तिच्या मांडीवर वाढली होती, चष्म्याशी खेळली होती, तो ओढला होता, चाटला होता... आणि वहीत त्या चार वर्षांत आत्याची एकही नोंद नव्हती. औषध दुप्पट केलं तो दिवस तिला पाठ होता. दुकानातल्या सवयीप्रमाणे तिनेच बाटलीवर तारखेची चिठ्ठी चिकटवली होती. त्या तारखेपासून पहिल्या मोडक्या दांडीपर्यंत अकरा दिवस होते.

बाहेर येऊन तिने गवंड्यांना दुसरी भिंगं मागवते म्हणून सांगितलं. तिचे डोळे पाहून ते बिचारे म्हणाले, "बाई, एवढं मनाला लावून घेऊ नका, फरशी काय, होईल सरळ."

रविवारी दुपारी ती घरी गेली. ठकी टेबलाखाली पडून एका पुस्तकाची पानं फाडत होती आणि प्रत्येक पानासरशी रडत होती. आत्याला पाहून ती बाहेर आली नाही. वहिनी एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्यांचा कुर्ता घालून वह्या तपासत बसली होती.

"वहिनी, एक विचारू?" आत्या उभ्याउभ्याच म्हणाली. "मी गेल्यावर ठकी सुधारली?"

वहिनीची लेखणी थांबली. उत्तर आलं ते दादाकडून. "नाही," तो म्हणाला. "वाढलंय."

मग आत्याने सगळं सांगितलं. गवंडी, वही, तारखा, अकरा दिवस. ऐकता ऐकता वहिनीचा चेहरा कठीण होत गेला.

"म्हणजे तुमचे लाड निर्दोष, आणि औषध गुन्हेगार?" ती म्हणाली. "त्या औषधाने तिच्या फिट थांबल्यात, वन्सं. तुमच्या मांडीवर ती निळी पडली होती, विसरलात?"

"कशी विसरेन? थांबल्यात हे खरंच आहे. लागू पडलंय ते. पण तिला मानवलं नाहीये, वहिनी. चष्म्यात हे मला दिसतं, आणि माझ्या पोरीत दिसलं नाही."

दादा उठला. तो सहसा इतक्या झटक्यात उठत नसे. त्याने फडताळातून बाटली काढली आणि मोरीकडे निघाला. "एवढंच ना? मग नकोच ते विष."

आत्याने त्याचं मनगट धरलं. "दादा, बाटली इकडे दे. एकदम बंद करायचं नसतं हे. पहिल्या दिवशी डॉक्टरबाईंनी दोनदा बजावलं होतं. एकदम सोडलं तर मोठी फिट येईल, आणि कदाचित थांबायची नाही."

"मग काय, द्यायचं? माहीत असून?"

"उद्या डॉक्टरबाई भेटेपर्यंत द्यायचं," आत्या म्हणाली. "माहीत असून."

सहा वाजता तिनेच औषध मोजलं. टेबलाखाली शिरून तिने ठकीला कुशीत घेतलं, सिरिंज ओठांशी नेली, आणि औषध गिळून होताच ठकीने तिच्या तळहाताला कडकडून चावा घेतला. आत्याने हात काढला नाही. या पोरीला जे राक्षस करून सोडतंय तेच आपल्या हाताने तिच्या पोटात घालायचं, आणि तिला जपायचं म्हणूनच घालायचं... तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं आणि ती ठकीच्या पाठीवरून दुसरा हात फिरवत होती.

वहिनी हे सगळं वाकून पाहत होती. मग ती तिथेच फरशीवर बसली आणि तिने कुर्त्याची बाही कोपरापर्यंत वर सारली. कोपरापासून मनगटापर्यंत सात चावे होते, काही जुने, काही ताजे.

"शाळेत सांगते, घरी मांजर पाळलंय," ती म्हणाली. तिने हसण्याचा प्रयत्न केला आणि तो साधला नाही. "वन्सं, डॉक्टरबाईंनी विचारलं होतं हो मला. स्पष्ट विचारलं होतं, औषधाचा काही त्रास... आणि मी चारचौघांत हशा पिकवला. माझ्या मुलीला वळण नाही हे कबूल करायची लाज वाटली, म्हणून तुमच्या नावावर खपवलं."

"मीही हसले होते," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंसमोर वहिनीने आधी बाही वर केली आणि मग बोलायला सुरुवात केली. काही झाकलं नाही. चावे, ठोकळे, मोज्यावरून पाऊण तास, विनाकारण रडणं, राग आपला आपण येतो म्हणून ठकीने केलेली तक्रार, सगळं तारखांसकट. डॉक्टरबाईंनी फाईलचं मागचं पान उघडलं.

"त्रास नाही, असं इथे माझ्याच अक्षरात आहे," त्या म्हणाल्या. "उलट्या, झोप, पुरळ, एवढंच माझ्या मनात होतं. चावते का, रडते का, हे मी नेमकं विचारायला हवं होतं. हे औषध बहुतेक मुलांना चालतं, पण काही लहान मुलांमध्ये राग, रड, चिडचिड फार वाढवतं. मात्रा वाढवल्यावर तर जास्तच." मग त्यांनी वहिनीकडे, आणि नंतर आत्याकडे पाहिलं. "मुलीचा स्वभाव बिघडलेला नाही. कोणी बिघडवलेलाही नाही."

बाहेरच्या बाकावर येऊन आत्या ते शेवटचं वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. कोणी बिघडवलेलाही नाही. तिच्या छातीवरची केवढी तरी मोठी शिळा कोणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवली होती.

औषध बदलायचं म्हणजे एका रात्रीतलं काम नव्हतं. सहा आठवड्यांचा तक्ता होता: जुनं थोडं कमी, नवं थोडं जास्त. तिसऱ्या आठवड्यात शाळेच्या अंगणात, सगळ्या शिक्षकांच्या देखत, ठकीला फिट आली. वहिनीने तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःची पिशवी ठेवली आणि घड्याळाकडे पाहत वेळ मोजली. चाळीस सेकंद. जमलेल्या शिक्षकांना ती म्हणाली, "हिला अपस्मार आहे. औषध बदलतोय. गर्दी करू नका, हवा येऊ द्या." हे वाक्य तिने त्या अंगणात प्रथमच उच्चारलं होतं. घरी आल्यावर मात्र ती आत्याच्या खांद्यावर डोकं ठेवून अर्धा तास रडली. जुन्या बाटलीकडे परत जावं का, असं तिघांच्याही मनात आलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, धीर धरा, मग तिघांनी धीर धरला.

सातव्या आठवड्यात ठकीने दादाच्या टकलावर बेडकाचं स्टिकर चिकटवलं आणि खदखदून हसली. दादाने ते दोन दिवस काढलं नाही. छापखान्यातसुद्धा तसाच गेला.

आत्या मात्र अजून वरच्या खोलीतच होती. रोज संध्याकाळी यायची, औषध द्यायची, परत जायची. वहिनी तिला रोज परत बोलावणार असायची, आणि रोज ते राहून जायचं. चाळीस मुलांपुढे अखंड बोलणारी बाई दोन शब्दांपाशी अडली होती.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली म्हणून ती ठकीला घेऊन दुकानात आली. आत्या मागे काच घासत होती. मालकांनी वहिनीला बसायला खुर्ची दिली आणि गप्पांच्या ओघात म्हणाले, "तुमच्या नणंदबाईंना तुम्ही तरी समजवा. दुसऱ्या गावच्या दुकानाची सगळी जबाबदारी देतोय त्यांना. दोन वर्षांपूर्वी विचारलं, तर म्हणाल्या घरी लहान पोर आहे, जमायचं नाही. परवा पुन्हा विचारलं. आता तर घरीही राहत नाहीत, तरी नाहीच म्हणतात."

हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. आत्याने ते कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो त्याग झाला असता, आणि तिला त्याग करायचा नव्हता, ठकीजवळ राहायचं होतं. वहिनी खुर्चीवर बसली नाही. ती ठकीचा हात धरून मागच्या खोलीत गेली.

ठकी मशीनच्या फिरणाऱ्या चाकाकडे थोडा वेळ पाहत राहिली. मग बरेच दिवस मनात ठेवलेलं काहीतरी काढावं तशी म्हणाली, "आत्या, तू आपल्या घरातून का गेलीस? मी चावायचे म्हणून?"

आत्याने तोंड उघडलं. दुकानात काम फार आहे, हे वाक्य तिच्या जिभेवर तयारच होतं. ते म्हणून म्हणून गुळगुळीत झालं होतं.

"नाही गं, राजा," वहिनी म्हणाली. ती गुडघ्यांवर बसली, ठकीच्या डोळ्यांसमोर आपले डोळे आणून. "तुझ्यामुळे नाही. मी आत्याला जा म्हटलं. तिने काहीच केलं नव्हतं, आणि तरी मी म्हटलं. चूक माझी होती."

ठकीने आईकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. मोठ्या माणसांना एवढी साधी गोष्ट कशी कळत नाही याचं तिला नवल वाटत होतं.

"मग आता ये म्हण ना," ती म्हणाली.

वहिनीच्या गालांवरून आसवं वाहत होती आणि तिने ती पुसली नाहीत.

"या," ती म्हणाली. "घरी या, वन्सं."

आत्याने हात लांबवून मशीन बंद केलं.